जळगाव-धुळे : हवाई अंतर, उड्डाणाचा वेळ आणि प्रवाशाचा हिशेब

खानदेशातील जळगाव व धुळे या दोन्ही शहरांजवळ धावपट्टी आहे. जळगावचा विमानतळ शहराच्या आग्नेयेस, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कुसुंब्याजवळ, तर धुळ्याची धावपट्टी शहराच्या पश्चिमेकडे गोंदूर येथे आहे. या दोन धावपट्ट्यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे ४९ सागरी मैल भरते. पारोळा-एरंडोलमार्गे शहर ते शहर रस्ताही जवळपास तेवढाच आहे. धावपट्ट्या दोन्ही शहरांच्या विरुद्ध बाजूंना असल्याने हवाई मार्गाची बचत येथे दिसत नाही.

उड्डाणाचा वेळ विमानाच्या वेगावर अवलंबून असतो. प्रशिक्षणाचे एक इंजिनाचे छोटे विमान ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने हे अंतर अर्ध्या तासात कापते. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या एटीआर विमानाला गणिताने ११ मिनिटे पुरतात. मात्र धावपट्टीवरील हालचाल, चढण व उतरण धरल्यास प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या आसपास वेळ जातो. म्हणजे अंतर जितके कमी, तितका वेगाचा लाभ कमी. मोटारीने हाच प्रवास सुमारे दोन तासांत होतो. विमानतळावर आधी पोहोचण्याचा वेळ मिळवल्यास विमान मागे पडते. गोंदूर येथे बॉम्बे फ्लाइंग क्लबचे वैमानिक प्रशिक्षण चालत आले आहे. नियमित प्रवासी सेवा तेथे नाही.

त्यामुळे धुळेकरांच्या दृष्टीने जळगावचे महत्त्व दूरच्या प्रवासाचे प्रवेशद्वार म्हणून आहे. जळगावचा विस्तारित विमानतळ मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सुरू झाला. 'उडान' योजनेतील पहिली मुंबई सेवा एअर डेक्कनने डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केली. ती अल्पकाळच टिकली. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेली ट्रूजेटची अहमदाबाद-जळगाव-मुंबई सेवाही पुढे बंद पडली. २०२४ मध्ये फ्लाय ९१ ने गोवा, हैदराबाद व पुणे, तर अलायन्स एअरने मुंबईसाठी उड्डाणे सुरू केली.

जळगावहून सरळ हवाई अंतरे अंदाजे अशी : पुणे ३२० किलोमीटर, मुंबई ३५५, अहमदाबाद ३९०, हैदराबाद ५०५ आणि गोवा (मोपा) ६०५. एटीआर विमानाने मुंबई व पुण्यासाठी साधारण एक तास, हैदराबादसाठी सव्वा तास व गोव्यासाठी दीड तास धरावा.

धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्याने मात्र दिशेचा विचार करावा. मुंबई नैऋत्येला, तर जळगाव पूर्वेला. नाशिकमार्गे मुंबईचा रस्ता सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा आहे. जळगावला उलट जाऊन विमान धरल्यास रस्त्याचे दोन तास, विमानतळावरील एक तास व उड्डाणाचा एक तास मिळून चार तास होतात, शिवाय मुंबईत विमानतळाहून पुढे जाणे उरतेच. बचत थोडी, आणि उड्डाण रद्द झाल्यास दिवस वाया. हैदराबाद किंवा गोव्यासाठी मात्र रात्रभराचा प्रवास वाचतो.

रुग्णालयातील तपासणी, परीक्षा वा मुलाखतीसाठी निघणाऱ्यांनी नकाशावरील किलोमीटरपेक्षा उड्डाणाचे वार व वेळ आधी पाहावेत. आठवड्यातील सर्व दिवशी विमान असेलच असे गृहीत धरू नये आणि परतीचा पर्यायी मार्गही ठरवून ठेवावा.