तळ्याच्या काठावरचा दिवस

जालन्याचा मोती तलाव जमशेदखानाने बांधविला, त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात नेले, असे गॅझेटियर सांगते. तो खोदणाऱ्या हातांची नावे त्यात नाहीत.

मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. जालना तेव्हा निजामी राज्यात; तो ठराव इथे लागूच नव्हता. हक्क आला तो संविधानाने. कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाटांबरोबर सार्वजनिक राबत्याच्या जागाही आहेत.

हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. पाणी ही तहानेची गरज; पण दिवसभर काठावर निवांत बसायला दिवस आपल्या मालकीचा असावा लागतो. माझ्या आजोबांचा दिवस गावकीचा होता: सांगावे, पहारा, वेठ. आज माझे विद्यार्थी रविवारी मोती तलावावर डबे सोडून बसतात, तेव्हा तेही त्या लढ्याचेच फलित असते.

पाणवठ्यांचा इतिहास लिहिताना आपण ओंजळ मोजतो, काठ मोजत नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या तळ्यावर एकदा पाहावे: पाळीवर निवांत बसते कोण, आणि काम आटोपून मुकाट्याने निघून जाते कोण?