ग्राफीनची धार आणि जिवाणू : एका दाव्याचा इतिहास

एप्रिल २०२१. कोरोनाची साथ ऐन भरात असताना कॅनडाच्या आरोग्य खात्याने नागरिकांना एक विचित्र सूचना दिली : ग्राफीनचा थर असलेल्या मुखपट्ट्या वापरू नका. त्याआधीच क्वेबेक प्रांतातील शाळा आणि पाळणाघरांतून अशा मुखपट्ट्या मागे घेण्यात आल्या होत्या. श्वासावाटे ग्राफीनचे कण फुप्फुसांत जातील, ही भीती होती. पण मुळात पेन्सिलीतल्या ग्राफाइटचा हा भाऊबंद लहान मुलांच्या नाकातोंडापर्यंत पोहोचला कसा? त्यासाठी बरेच मागे जावे लागते.

इ. स. १८५९. ऑक्सफर्डचे रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन ब्रॉडी ग्राफाइटचा अणुभार शोधत होते. त्यांनी ग्राफाइट पोटॅशियम क्लोरेट आणि तीव्र नायट्रिक आम्लात तीन-चार दिवस तापत ठेवले, धुतले, पुन्हा तापवले. अखेरीस फिकट रंगाचे स्फटिकी द्रव्य हाती आले. ब्रॉडींनी त्यावरून ‘ग्राफॉन’ नावाचे स्वतंत्र मूलद्रव्यसदृश रूप आणि ३३ हा अणुभार कल्पिला. निष्कर्ष साफ चुकला. द्रव्य मात्र टिकले. आज त्यालाच ग्राफाइट ऑक्साइड म्हणतात. १९५८ मध्ये हमर्स आणि ऑफमन यांनी गंधकाम्ल व पोटॅशियम परमँगनेट वापरून हेच काम दोन तासांवर आणले. या द्रव्याचे थर पाण्यात सुटे केले की ग्राफीन ऑक्साइड मिळते.

२००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलॉव यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचा एक अणू जाडीचा पापुद्रा वेगळा काढला, ही कथा सर्वश्रुत आहे. २०१० साली दोघांना नोबेल मिळाले आणि ग्राफीन हा शब्द प्रयोगशाळेबाहेर पडला. जिवाणूंची गोष्टही त्याच वर्षीची आहे.

शांघायच्या संशोधकांनी ग्राफीन ऑक्साइडचा कागद तयार केला आणि त्यावर ई. कोलाय जिवाणू तग धरत नाहीत, असे जाहीर केले. तेहरानमध्ये अखावन आणि घादेरी यांनी पोलादी पत्र्यावर ग्राफीनच्या उभ्या, धारदार भिंती उभारल्या. त्यांच्या मते या धारांचा स्पर्श होताच जिवाणूचे पटल फाटत होते. बाहेरचे जादा पटल नसलेला स्टॅफिलोकॉकस तर अधिकच लवकर मरत होता. धारेने चिरला जाणारा जिवाणू! ही प्रतिमा इतकी मोहक होती की पुढे जाहिरातदारांनी ती हातची सोडली नाही.

आणि तरीही, त्याच २०१० मध्ये टेक्सासच्या राइस विद्यापीठातून नेमके उलटे वर्तमान आले. शेवानेला जातीचे जिवाणू ग्राफीन ऑक्साइडवर चक्क श्वसन करत होते : आपण ऑक्सिजनला जसे इलेक्ट्रॉन देतो, तसे ते या पत्र्याला देत होते.

खरी पंचाईत २०११ ची. सिंगापूरच्या एका गटाने ग्राफाइटच्या चार रूपांची तुलना केली आणि ग्राफीन ऑक्साइड सर्वांत घातक ठरवले : पत्रा जिवाणूवर बसतो, पटलावर ताण येतो, आतील संरक्षक ग्लुटाथायोनचे ऑक्सिडीकरण होते. महिनाभराच्या अंतराने त्याच नियतकालिकात अमेरिकेतील एका गटाचा लेख आला. त्यात ग्राफीन ऑक्साइड घातलेल्या पोषकद्रवात ई. कोलाय उलट जोमाने वाढले होते. एकच द्रव्य, एकच जिवाणू आणि दोन परस्परविरोधी निकाल. दोन्ही गट प्रामाणिक होते, हे विशेष.

उलगडा भांड्यात होता. सिंगापूरकरांनी जिवाणू मिठाच्या साध्या पाण्यात ठेवले होते. अमेरिकेत ते प्रथिनांनी भरलेल्या पोषकद्रवात होते. २०१४ मध्ये दाखवून देण्यात आले की पोषकद्रवातील घटक ग्राफीन ऑक्साइडच्या सपाट पृष्ठभागाला चिकटतात, तो झाकला जातो आणि मारकशक्ती लोपते. म्हणजे सपाट अंगालाही महत्त्व होते, केवळ कडेला नव्हे. त्याआधी, २०१३ मध्ये, संगणकीय अनुकरण आणि सूक्ष्मदर्शन यांतून आणखी एक शक्यता पुढे आली होती : पत्रा पटल कापतो तसेच त्यातील स्निग्ध रेणू ओढून काढतो.

२०१६ चा मँचेस्टरचा लेख तर अधिकच अडचणीचा. उत्तम रीतीने धुऊन शुद्ध केलेले ग्राफीन ऑक्साइड जिवाणूंना मारत नाही. मारते ते बनवताना मागे राहिलेले आम्ल, असा त्याचा आशय. या लेखाच्या लेखकांत नोव्होसेलॉवही होते. हमर्सच्या कृतीतील गंधकाम्लच अनेक ‘जंतुनाशक’ निकालांमागे असेल, तर बाजारातील कोणत्या नमुन्याबद्दल काय बोलावे? कच्चा माल एका कारखान्याचा, धुण्याची रीत दुसऱ्याची, चाचणीचे पाणी तिसऱ्याचे.

अशा अवस्थेत साथ आली आणि दाव्याला गिऱ्हाईक मिळाले. मिठाच्या पाण्यातील दोन तासांचा प्रयोग आणि श्वासाची वाफ, लाळ, धूळ झेलणारी दिवसभराची मुखपट्टी यांत किती अंतर आहे, हे जाहिरात सांगत नव्हती.

जुलै २०२१ मध्ये कॅनडाने काही नमुन्यांवरील बंदी उठवली. त्यांतून फुप्फुसांना अपाय होईल इतके कण सुटत नाहीत, असे परीक्षणात आढळले होते. हे परीक्षण किती कण श्वासावाटे आत जातात याविषयीचे होते. मुखपट्टीवरचे जिवाणू मरतात की नाही, हा त्याचा विषय नव्हता.