जमातीच्या नोंदवहीपासून संगणकाच्या नकाशापर्यंत : गुन्हेप्रतिबंधाचे दोन मार्ग

प्रस्तावना

गुन्हा घडल्यावर तपास करणे हे पोलिसांचे एक काम, तर तो घडूच नये यासाठी उपाय करणे हे दुसरे. या दुसऱ्या कामाचे दोन मार्ग इतिहासात दिसतात. पहिल्या मार्गात जुन्या नोंदींवरून पुढचा गुन्हा कोण करील किंवा कोठे होईल याचे भाकीत केले जाते. दुसऱ्या मार्गात पोलीस वस्तीतील लोकांशी संबंध जोडतात आणि तंटा पेटण्याआधी मिटवण्याचा प्रयत्न करतात. संगणकामुळे पहिला मार्ग नवा वाटतो. भारतात मात्र त्यामागचा विचार दीडशे वर्षांपूर्वीचा आहे.

१. वसाहतकालीन भाकीत

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने एखादी संपूर्ण जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारला दिला. या घोषणेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नव्हती. जमातीतील व्यक्तींची नावे नोंदवहीत चढत. त्यांच्यावर हजेरीची सक्ती होऊ शकत असे आणि परवान्याशिवाय ठरलेली हद्द ओलांडली तर अटक होत असे. हा कायदा प्रथम उत्तर भारतात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा संपूर्ण ब्रिटिश भारतापर्यंत वाढली. सोलापूरसारख्या ठिकाणी अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआडच्या 'सेटलमेंट'मध्ये ठेवले गेले.

याच काळात ओळख पटवण्याचे तंत्रही विकसित झाले. १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रा केंद्र स्थापन झाले. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या वर्गीकरण पद्धतीमागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय कर्मचाऱ्यांचे मोठे काम होते. १९११ च्या कायद्याने नोंदवलेल्या जमातींच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूद केली.

येथे एक चक्र लक्षात घ्यावे. नाव नोंदवहीत आहे म्हणून पाळत, पाळत आहे म्हणून अटक, आणि अटकांच्या आकड्यांवरून मूळ संशय खरा होता असा निष्कर्ष.

हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त जमाती 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. पण त्याच्या जागी अनेक राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि संशयाची सवय टिकून राहिली.

२. संगणकीय भाकीत

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ शहराने २०११ मध्ये 'प्रेडपोल' ही प्रणाली वापरात आणली. ती गुन्ह्याचा प्रकार, जागा आणि वेळ यांवरून गस्तीसाठी ठिकाणे सुचवत असे. घरफोड्या अनेकदा एकाच परिसरात लागोपाठ होतात, त्यामुळे अशा नकाशाचा गस्त आखताना उपयोग होऊ शकतो. परंतु नोंदींमध्ये घडलेले सर्व गुन्हे नसतात, पोलिसांपर्यंत पोहोचलेले तेवढेच असतात. जेथे गस्त जास्त, तेथे नोंदीही जास्त, म्हणजे जुने चक्र पुन्हा सुरू होते. सांता क्रूझनेच २०२० मध्ये अशा तंत्रावर बंदी घातली. त्याच वर्षी लॉस एंजेलिस पोलिसांनीही प्रेडपोलचा वापर थांबवला.

भारतात २००९ मध्ये मंजूर झालेल्या 'सीसीटीएनएस' प्रकल्पाने पोलीस ठाण्यांच्या नोंदी संगणकावर एकत्र आणण्यास चालना दिली. दिल्ली पोलिसांनी 'सीमॅप्स' या प्रणालीद्वारे मदतीसाठी आलेल्या दूरध्वनींची माहिती नकाशावर मांडली.

३. लोकसहभागाचा मार्ग

ठाणे जिल्ह्यातील भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुस्लिम रहिवासी पोलिसांसह नियमित बैठकींना बसत आणि स्थानिक वाद तेथेच मांडत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. तमिळनाडूतील रामनाथपुरम येथे १९९३ मध्ये सुरू झालेला 'पोलीसमित्र' उपक्रम आणि केरळची २००८ ची 'जनमैत्री सुरक्षा' योजना याच धारेतील आहेत.

मात्र 'समुदाय' हा शब्द आपोआप निर्दोष ठरत नाही. १८७१ च्या कायद्यात गावचे प्रमुख, पहारेकरी आणि जमीनमालक यांच्यावरच पोलिसांना खबर देण्याची जबाबदारी होती. तोही एक प्रकारचा लोकसहभागच होता, पण त्यात नोंदवलेल्या जमातीला आवाज नव्हता. भिवंडीचा फरक येथे आहे. ज्यांच्यावर संशय घेतला जाई तेही समितीत बसत आणि पोलिसांना जाब विचारू शकत.

निष्कर्ष

दोन्ही मार्गांची कसोटी एकच आहे : माहिती कोणी गोळा केली, आणि ती चुकीची असल्यास ज्याच्याविषयी आहे त्याला ती खोडून काढता येते का? १८७१ च्या नोंदवहीत ही सोय जवळजवळ नव्हती. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीय भेदभावाविरुद्ध निर्णय देताना विमुक्त जमातींवरील जुन्या शिक्क्याचीही दखल घेतली. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाली तरी ही वेळ आली, यावरून नोंदीचे आयुष्य किती मोठे असते ते कळते. संगणकात आज भरल्या जाणाऱ्या माहितीकडे या इतिहासाच्या प्रकाशात पाहावे.

सरावासाठी प्रश्न

१. गुन्हेगार जमाती कायद्यातील 'नोंद–पाळत–अटक' हे चक्र स्पष्ट करा.
२. १८७१ च्या कायद्यातील गावप्रमुखांची भूमिका आणि भिवंडीतील मोहल्ला समित्या यांची तुलना करा.
३. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या लोकसहभागी पोलीस उपक्रमात कोणाला प्रतिनिधित्व आहे आणि कोणाला नाही, याची माहिती घेऊन टिपण लिहा.