शिसेयुक्त रंग व भाड्याची जुनी घरे (कर्जत–खालापूर)

रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांतील जुन्या भाडेघरांत दारे, खिडक्या व गजांवरच्या तैलरंगात असू शकणारे शिसे आणि त्याबाबत घरमालकाची जबाबदारी. असा रंग घरात असल्याचे भाडेकरूला कळवण्याची सक्ती करणारा कायदा भारतात नाही.

कायदा आहे तो रंगाच्या डब्यापुरता. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाबाबतचे केंद्रीय नियम 2016 साली निघाले व 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दशलक्ष भागांत 90 भाग. तशी नोंद डब्यावर हवी. चौकटीवर आधीच बसलेल्या रंगाला हे नियम हात लावत नाहीत. अमेरिकेत मात्र 1978 पूर्वीचे घर भाड्याने देणाऱ्याला अशा रंगाबद्दल ज्ञात असलेली माहिती व सरकारी पुस्तिका करारापूर्वी द्यावी लागते आणि भाडेकरूच्या सहीचा कागद तीन वर्षे जपावा लागतो.

चुन्याच्या सफेदीची या संदर्भात सहसा भीती नसते. शिसे येते ते सफेदा, गंज रोखण्यासाठी लोखंडाला लावलेला शेंदूर, पिवळ्या-नारिंगी छटांची क्रोम रंगद्रव्ये आणि तैलरंग लवकर वाळवणारी द्रव्ये यांतून. घाटाखालच्या पावसात लाकूड फुगते, दार चौकटीला घासते आणि प्रत्येक उघडझाकीला रंगाची पूड उंबऱ्यापाशी पडते. रांगते मूल तिथेच हात टेकते व तोच हात तोंडात घालते. त्याहून वाईट म्हणजे दिवाळीपूर्वीची रंगरंगोटी : जुना थर कोरडाच खरवडायचा, वर पॉलिश पेपर मारायचा. एरवी चिकटून बसलेले शिसे त्या दिवशी घरभर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही. सहा वर्षांखालील मुलांच्या मेंदूला धोका सर्वाधिक, आणि लक्षणे बऱ्याचदा दिसतच नाहीत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू असलेल्या भागांत कलम 14 प्रमाणे, विरुद्ध करार नसल्यास, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत काम न केल्यास भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाची. कलमात शिशाचा उल्लेख नाही. शिवाय ते भाडेकरूपुरते आहे. आज सर्रास होणाऱ्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याला त्याचा थेट आधार नाही. विचित्र असे की कारखान्यातील कामगाराची शिसेबाधा 1948 च्या कारखाने अधिनियमातच अधिसूचित रोगांत होती. खालापूर तालुक्यातल्या खोपोलीच्या कामगाराला कारखान्यात मिळालेले संरक्षण त्याच्या मुलाला भाड्याच्या खोलीत मिळाले नाही.

तेव्हा भिस्त करारावरच. रंग सुटलेला असल्यास तो ओला करून काढावा, ब्लोलॅम्पने जाळू नये, पूड झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी, आणि काम संपेपर्यंत मुले व गरोदर स्त्रिया घराबाहेर राहतील एवढा अवधी मालकाने द्यावा, या अटी लेखी घालून घ्याव्यात. मुलाबद्दल शंका असल्यास रक्तातील शिसे तपासून घ्यावे. डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम वा अधिक आढळल्यास शिशाचा उगम शोधून काढावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे 2021 चे मार्गदर्शन आहे.