भीमा कोरेगावच्या शिपायाच्या डोक्यावर काय होते?

१ जानेवारी जवळ आला की वस्त्यावस्त्यांत चित्ररथ आणि नाटिकांची तयारी सुरू होते. गेल्या वर्षी आमच्या तरुणांनीही १८१८ च्या लढाईचा प्रसंग उभा केला. कपडे भाड्याने आणले. आपल्या शिपायांना खाकी गणवेश आणि साहेबी सोला हॅट, तर पेशव्यांच्या झाडून साऱ्या सैनिकांना पुणेरी पगडी. टाळ्या भरपूर पडल्या. दुसऱ्या दिवशी अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "दादा, तेव्हा खाकी होती का?"

नव्हती. कंपनीचा शिपाई तेव्हा लाल कोट घालत होता. खाकी सैन्यात रुळली ती बऱ्याच काळाने. सोला हॅट गोऱ्यांची, तीही नंतरची. आणि पेशव्यांच्या बाजूने कोरेगावात लढलेल्यांत अरब होते, गोसावी होते. त्यांच्या डोक्यावर पुणेरी पगडी कुठून येणार?

"एवढ्याशा टोपीने काय बिघडते?" असे काही मित्र म्हणाले. बिघडते, मित्रांनो. आपला इतिहास खोटा ठरवायला टपलेला माणूस आधी टोपीवर बोट ठेवतो आणि मग स्तंभावर. शिवाय, डोक्यावर काय घालायचे हा या देशात कधीच साधा प्रश्न नव्हता. आजही डोक्यावर साफा बांधून घोड्यावर बसलेल्या दलित नवरदेवाची वरात अडवली जाते. जातीला माणसाचे डोके झुकलेलेच हवे असते.

टोपी आणि जात यांचा संबंध सैन्याच्या इतिहासातही दिसतो. १८०६ साली मद्रास सैन्यात नव्या घडणीची पगडी सक्तीची झाली. तिला चामड्याचा तुरा होता आणि ती साहेबाच्या हॅटसारखी दिसत होती. सोबत कपाळावरचे जातीचे व धर्माचे गंध पुसण्याचा हुकूम निघाला. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात बंड पेटले. त्याला इतर कारणेही होती, पण ठिणगी पडली ती त्या पगडीवरून. अखेर कंपनीने हुकूम मागे घेतला. टोपीत धर्म जाईल, जात जाईल, ही भीती इतकी खोल होती.

आता मुंबई सैन्याकडे पाहा. तिथे वेगवेगळ्या जातींचे शिपाई एकाच कंपनीत, एकाच रांगेत उभे राहत. महारही त्यातच. कोरेगावच्या स्तंभावर मृत शिपायांची ४९ नावे आहेत, त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे; ती महार शिपायांची नावे. म्हणजे त्या पलटणीत इतर जातींचे शिपाईही होते, आणि लाल कोट व टोपी सगळ्यांना सारखीच होती. कंपनी काही मुक्तिदाती नव्हती. तिला राज्य करायचे होते, त्यासाठी शिपाई हवे होते. पण ज्या पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, असे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये लिहिले आहे, तिथल्या माणसाला शेजारच्या सवर्णासारखीच टोपी मिळणे ही लहान गोष्ट नव्हती.

ती टोपी पुढे हिरावली गेली. १८५७ नंतर इंग्रजांनी सैन्याची घडी जात आणि धर्म पाहून बसवली. पगडीची बांधणी पाहून शिपाई कोणत्या गटाचा ते ओळखू यावे, अशी रीत पडली. 'लढवय्या जाती'चा सिद्धान्त आला आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांना सैन्याची दारे बंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महार पलटण उभी केली आणि युद्धानंतर मोडली. १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. तिच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर काय होते? कोरेगावचा स्तंभ! सव्वाशे वर्षांपूर्वीची ती लढाई शिपायाच्या कपाळावर येऊन बसली.

म्हणून म्हणतो, टोपी भाड्याने आणू नका, बनवा. युरोपात वॉटर्लूची लढाई दर वर्षी उभी करणारे हौशी लोक १८१५ ची शाको टोपी संग्रहालयातल्या मूळ नगाची मापे घेऊन, नमद्याची, पितळी पट्टीसह शिवतात. आपणही अभ्यास करू शकतो. कंपनीच्या शिपायाची पगडी रोज बांधायची नसे. सांगाड्यावर कापड ताणून ती टोपीसारखी डोक्यावर चढवायची असे. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांची घडण वेगळी होती, म्हणून चित्र पाहताना ते मुंबई सैन्याचेच आहे आणि १८१८ च्या आसपासचेच आहे, एवढे तपासा. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये कंपनीच्या सैन्याच्या वस्तू आणि चित्रे आहेत. आधी पुठ्ठ्याचा नमुना करून डोक्यावर बसवून पाहा. मग बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर खळ दिलेले सुती कापड.

दुसरे काम घरातले आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पेटीत महार रेजिमेंटची टोपी, बिल्ला, पदके पडून आहेत. ती भंगारात जाऊ देऊ नका. पितळ चिंच लावून घासू नका, जुना रंग आणि खुणा जातात. लोकरीची टोपी कोरड्या जागी ठेवा, कसर लागते. सोबत कागदावर नाव, शिपाई नंबर, पलटण, नोकरीची वर्षे लिहून ठेवा. आणि मूळ टोपी नाटकात घालू नका. तिच्यावरून मापे घ्या, नक्कल करा, ती नक्कल मुलांच्या डोक्यावर चढवा.

यंदा आमच्या चित्ररथात फक्त पाच शिपाई असतील. पण त्यांच्या पगड्या आमच्याच मुला-मुलींनी बनवलेल्या असतील, आणि त्या अकरावीतल्या मुलीने प्रश्न विचारला तर पाचही जण उत्तर देतील. समता सैनिक दलाचे सैनिक स्तंभाला सलामी देतात तेव्हा ती २२ नावांसोबत सत्यालाही दिलेली असते. त्या सलामीला शोभेल असेच आपल्या डोक्यावर असू द्या.

जय भीम!