रिळाचं शेपूट

चावी भरायच्या वस्तू आमच्या पिढीनं बऱ्याच बघितल्या. भिंतीवरचं टोल्याचं घड्याळ, गजराचं घड्याळ, जत्रेतली पत्र्याची मोटार. पण चावीवर चालणारा सिनेमाचा कॅमेरा खेड्यातल्या फार थोड्या लोकांनी हातात धरला असेल. एका हातात मावेल एवढा, पण वजनाला अडीच शेरी माप भरल्यासारखा जड. एका अंगाला चावी, पुढं भिंग. चावी पिळायची, खटका दाबायचा, की कर्रर्र आवाज करत अर्धं मिनिट चालणार आणि मग दमून थांबणार. ना वीज, ना सेल.

माझा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. तिथल्या जुन्या बाजारातून त्यानं असले दोन कॅमेरे आणले. मी म्हटलं, "अरे, तुझ्या खिशातल्या मोबाईलवर तासन्‌तास चित्रण होतं. ह्या डबड्यात चार मिनिटं मावतात. पैसे वर आलेत का तुझे?"

तो म्हणाला, "आप्पा, चारच मिनिटं मावतात म्हणून तर आणले."

त्याचं बोलणं डोक्यात राहिलं. माझं शिक्षण दहावीपर्यंत, पण वाचायची खोड जुनी. त्याच्याकडून पुस्तकं आणली, काही फिल्मा बघितल्या. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतो.

सिनेमाचा कॅमेरा आपल्याकडं लवकरच आला. 1899 साली मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. रीळ धुवायला परत विलायतेला गेलं. पुढं 1912 साली दादासाहेब फाळके लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. भांडवल द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा त्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला आणि दिवसागणिक त्याचं थोडं थोडं चित्र घेतलं. पडद्यावर दाखवलं तेव्हा बघता बघता बी फुटलं, कोंब वर आला, वेल वाढला. ते बघून लोकांचा विश्वास बसला आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. आम्हा शेतकऱ्यांना ह्या गोष्टीचा अभिमान वाटायला हरकत नाही. हिंदी सिनेमाचा पाया म्हणतात, तो असा एका उगवणीवर भरलेला आहे.

पण ते कॅमेरे घरात ठेवायचे नव्हते. एक तर ते मोठे, तिकाटण्यावर उभे करून हातानं फिरवायचे. दुसरं म्हणजे त्या वेळची फिल्म नायट्रेटची. ती पेट घेई आणि एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी विझत नसे, कारण जळताना लागणारी हवा ती स्वतःच सोडते. असली वस्तू माळ्यावर ठेवणं म्हणजे कडब्याच्या गंजीशेजारी रॉकेलचा पिंप ठेवण्यासारखं.

ही अडचण 1922-23 च्या सुमारास सुटली. फ्रान्सच्या पाथे कंपनीनं साडेनऊ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचा 'पाथे बेबी' काढला. अमेरिकेच्या कोडॅकनं 1923 मध्ये 16 मिलिमीटरची फिल्म आणि तिचा कॅमेरा आणला. ही फिल्म सहज पेट न घेणारी होती. आता सिनेमा घरात शिरायला मोकळा झाला. तरी खर्च मोठाच. मग 1932 मध्ये, जगभर मंदीनं लोक पिचलेले असताना, कोडॅकनं एक काटकसरीची युक्ती काढली. फिल्म तीच 16 ची, लांबी 25 फूट. पण कॅमेरा एका वेळी तिची अर्धीच पट्टी वापरी. एक बाजू संपली की सावलीत जाऊन कॅमेरा उघडायचा, रीळ उलटं बसवायचं आणि परतीच्या वाटेनं उरलेली अर्धी पट्टी भरायची. धुऊन झाल्यावर मधोमध चिरून दोन पट्ट्या टोकाला टोक जोडायच्या. 25 फुटांची 50 फूट झाली. आपण बैलानं एक तास मारून बांधाला वळतो आणि शेजारचा तास धरतो, तशीच ही गत. सेकंदाला 16 चित्रं या हिशोबानं एका बाजूला दोन मिनिटं आणि वर चार-पाच सेकंद. आठ मिलिमीटरचा कॅमेरा म्हणतात तो हा.

1935 मध्ये कोडाक्रोम नावाची रंगीत फिल्म आली आणि वर्षभरात ती आठ मिलिमीटरलाही मिळू लागली. 1965 मध्ये 'सुपर आठ' निघाला. त्यात रीळ उलटायची कटकटच गेली. कॅसेटसारखी डबी आत सरकवायची, तीन मिनिटं वीस सेकंद. पण तो सेलवर चालायचा. पुतण्याला चावीचाच आवडतो. कमान, दातेरी चाकं, एवढाच त्याचा संसार. स्वित्झर्लंडमध्ये बोलेक्स नावाचा कॅमेरा करणारी पायार कंपनी तर आधी वाजणाऱ्या पेट्या आणि ग्रामोफोन करत होती. त्यामुळं जाणत्या माणसाला तो उघडता येतो, पुसता येतो, तेल देता येतं. आमचं जुनं ऑइल इंजिन असंच होतं. बिघडलं तर कुठं बिघडलं ते डोळ्यांना दिसायचं.

आता हे कॅमेरे कुणाच्या हातात होते? हिंदुस्थानात साहेबांच्या, संस्थानिकांच्या, गिरणीमालकांच्या आणि थोड्या डॉक्टर-वकिलांच्या. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया केंद्रात ब्रिटिश कुटुंबांनी इथं असताना काढलेल्या घरगुती फिल्मा जपून ठेवल्यात. शिकार, सहली, बंगल्याची बाग, आयेच्या कडेवरची गोरी पोरं. साहेबानं कॅमेरा धरला तो आपल्या पोरावर. पण भिंगाला कुठं कळतंय मालक कोण नि चाकर कोण! पोराच्या मागं आया आली, घोड्याशेजारी मोतद्दार आला, रस्त्याच्या कडेची गाडी, डोईवर भारा घेतलेली बाई आली. साहेबाच्या नावाची नोंद झाली, यांची राहिली. आपली माणसं अशी दुसऱ्याच्या चित्रात मागच्या बाजूला, बिननावाची उभी आहेत.

नाव लागलं तर काय होतं, त्याची एक गोष्ट सांगतो. पोलंड देशात नाशेल्स्क नावाचं एक लहान गाव. तिथं तीन हजारांच्या आसपास ज्यू लोक राहत. ह्या गावात जन्मलेला डेव्हिड कुर्त्झ लहानपणीच अमेरिकेला गेला. 1938 च्या उन्हाळ्यात तो युरोपच्या सहलीवर आला आणि आपलं गाव बघायला गेला. जवळ नवा 16 मिलिमीटरचा कॅमेरा. त्यानं तीनेक मिनिटं गाव टिपलं. कॅमेरा बघून पोरं गोळा झाली, एकमेकांना ढकलत पुढं आली, उड्या मारू लागली. आपल्या गावात सिनेमाची गाडी आली की व्हायचं तेच. पुढच्या वर्षी हिटलरचं सैन्य आलं. डिसेंबरात सगळ्या ज्यूंना गावातून हाकललं. पुढं बहुतेकांना मारून टाकलं. तीन हजारांतले शंभरसुद्धा उरले नाहीत.

रीळ मात्र अमेरिकेत कपाटात पडून राहिलं. 2009 मध्ये त्याच्या नातवाला, ग्लेन कुर्त्झला, ते फ्लोरिडात आईवडिलांच्या घरी सापडलं. खराब व्हायला लागलं होतं. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयानं ते दुरुस्त करून लोकांना बघायला खुलं केलं. ते बघताना एका बाईला गर्दीतला एक तेरा वर्षांचा पोरगा ओळखीचा वाटला. तो तिचा आजोबा निघाला, मॉरिस चँडलर. म्हातारा तेव्हा हयात होता. त्यानं स्वतःला ओळखलं आणि शेजारच्या आणखी काहींची नावं सांगितली. डेव्हिड कुर्त्झ गाव वाचवायला गेला नव्हता. सहलीची हौस म्हणून त्यानं चावी पिळली. पण आज ते गाव हसतं-बोलतं बघायचं तर ती तीन मिनिटंच आहेत.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर 1963 मध्ये डॅलस शहरात गोळ्या झाडल्या, त्याचं सगळ्यात महत्त्वाचं चित्रणही असंच घरगुती. बायकांचे कपडे शिवून घेऊन विकणारा अब्राहम झाप्रुडर हा व्यापारी अध्यक्षांच्या मोटारी बघायला कॅमेरा घेऊन उभा होता. आठ मिलिमीटरचा, चावीचाच. 26 सेकंदांचं ते चित्रण सरकारी चौकशीचा पुरावा झालं.

आता आमच्याकडचं सांगतो. 1972 चा दुष्काळ आमच्या वयाच्या कुणाला विसरता येत नाही. रेशनचा लाल मिलो, सुकडी आणि खडी फोडायचं काम. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात 50 लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यात आमचं सगळं गाव होतं. तालुक्याच्या गावी एक डॉक्टर होते. त्यांच्याकडं आठ मिलिमीटरचा कॅमेरा होता, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. दोन वर्षांमागं त्यांचा मुलगा, आता तोही साठीचा, गावात आला. वडिलांची रिळं त्यानं पुण्यात संगणकावर उतरवून घेतली होती. म्हणाला, "एका रिळाच्या शेवटी तुमच्या गावची माणसं वाटतात. बघून सांगता का?"

शाळेच्या टीव्हीवर लावलं. पहिल्या बाजूला त्याचा वाढदिवस. मग एकदम पांढरा-नारिंगी उजेड, म्हणजे रीळ उलटताना ऊन लागलेलं. दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी लग्न. ते संपल्यावर चाळीस सेकंद फिल्म उरली होती. रीळ संपल्याबिगर धुवायला पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात. मुलगा म्हणाला, "वडील अशा वेळी म्हणायचे, शेपूट उरलंय, कुठंतरी संपवू." ते शेपूट त्यांनी खडीच्या कामावर, औषधं वाटायला आले तेव्हा संपवलं.

आवाज नाही. हातोडे पडतात पण ठण्ण होत नाही. पोत्याच्या सावलीला निजवलेली पोरं. खडीच्या ढिगाला टेप लावणारा मुकादम. बायांची रांग. आणि मग आमचे आबा. घमेलं उचलताना त्यांचं कॅमेऱ्याकडं ध्यान गेलं, ते थांबले, पटक्याच्या शेवटानं तोंड पुसलं आणि हसले. सहा सेकंद. आबा जाऊन चाळीस वर्षं झाली. त्यांचा एकच फोटो आमच्या घरात आहे, तोही कुठल्याशा कार्डावरून मोठा केलेला, गंभीर. आबा हसताना कसे दिसायचे ते माझ्या पोरांना मी किती वेळा सांगितलं असेल, पण सांगून कळायची गोष्ट नव्हती ती. पोरं बघत राहिली. थोरला म्हणाला, "आप्पा, हे तर धाकट्यासारखं हसतात."

आमची आत्या त्या कामावर होती. आता ऐंशी पार केलेली, डोळ्याला चष्मा. ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली. "थांबव रं तितं," म्हणाली. "ही वरच्या आळीच्या सुताराची थोरली सून. तोंड दिसंना, पर चाल तिचीच. डावा पाय जरा वढायची." मग एकेक करत तिनं बावीस माणसं सांगितली. चालीवरून, पदर खोचायच्या तऱ्हेवरून, बसायच्या ढबीवरून. त्यातली तीन-चारच आता हयात आहेत. आत्या गेली असती तर हे चित्र केंब्रिजमधल्या चित्रांसारखंच झालं असतं. माणसं आहेत, नावं नाहीत.

पुतण्याच्या बोलण्याचा अर्थ मला तिथं उमगला. चारच मिनिटं असली की माणूस खटका दाबायच्या आधी थांबतो, बघतो, मग दाबतो. आणि जे घेतलं ते टाकत नाही. आमच्या घरात चार मोबाईल आहेत. हजारो चित्रणं निघाली, मोबाईल बिघडला की गेली. धाकट्याच्या बारशाचं आज घरात काही नाही. डॉक्टरांचं रीळ मात्र पन्नास वर्षांनी उन्हाकडं धरलं तर नखाएवढ्या चौकटीत माणूस दिसतो. भिंग असलं की पुरे, यंत्राची गरज नाही. नवी पोरं जुन्या बाजारात हे डबडं शोधतात ते काही निव्वळ खुळ नव्हे. कोडॅक आजही सुपर आठची फिल्म करते आणि अलीकडं नवा कॅमेराही तिनं काढलाय, पाच हजार डॉलरच्या वर किमतीचा. आपल्या ऐपतीचं ते नाही, आणि नसेना का.

पण ज्यांच्या घरी जुनी रिळं पडली असतील, त्यांनी एवढं करावं. पत्र्याखाली, माळ्यावर उकाड्यात ठेवू नका. डबा उघडल्यावर शिरक्याचा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागलीय असं समजा आणि लवकर उतरवून घ्या. आणि उतरवण्याइतकंच निकडीचं, म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून नावं लिहून घ्या.

मी एक दोनशे पानी वही केलीय. डावीकडं सेकंद, उजवीकडं माणूस. "सतरावा, मुकादम, शेजारच्या गावचा. एकविसावा, सुताराची थोरली सून. सव्वीस ते एकतीस, आबा." शेवटच्या दोन सेकंदांत, फिल्म पांढरी व्हायच्या आधी, एक बाई कडेवर पोर घेऊन कडेनं जाते. पदर तोंडावर आहे. आत्यानं तीनदा मागं नेऊन बघितलं. "बाई वळखू यीना," म्हणाली, "पर प्वार कुणाचं कळलं तर सांगता यील." ते पोर आता पन्नाशीच्या पुढं असेल. ती ओळ मी मोकळी ठेवलीय. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावची म्हातारी माणसं भेटतात, त्यांना पुतण्यानं मोबाईलवर घालून दिलेलं ते चित्र दाखवतो आणि विचारतो.