मांडीच्या त्वचेच्या तंत्रिका

मांडीच्या त्वचेची संवेदना अनेक तंत्रिकांत वाटलेली आहे. पुढच्या बाजूला फिमोरल तंत्रिकेच्या शाखा, आतल्या बाजूला मुख्यतः ऑब्ट्युरेटर तंत्रिकेची शाखा, मागे त्रिकास्थीच्या १ ते ३ या मुळांतून येणारी पश्च त्वचीय तंत्रिका, तर बाहेरच्या बाजूला कमरेच्या २ व ३ या मुळांची पार्श्व त्वचीय तंत्रिका असते. ही शेवटची तंत्रिका केवळ संवेदना वाहते, एकाही स्नायूला चालवत नाही. निदानात हेच वैशिष्ट्य सर्वांत उपयोगी ठरते. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळ, जांघेतील बंधाखालून ती मांडीत उतरते. घट्ट पट्टा, लठ्ठपणा किंवा गर्भारपण यांमुळे तिथे ती दाबली गेली, की मांडीच्या बाहेरच्या बाजूला जळजळ व बधिरता येते. बर्नहार्ट व रोट यांनी १८९५ मध्ये वर्णिलेला हा विकार ‘मेराल्जिया पॅरेस्थेटिका’ म्हणून ओळखला जातो.

मणक्यात मूळ दाबले गेले तरी याच भागात बधिरता येईल, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या मुळांतून स्नायूंनाही तंतू जातात. त्यामुळे मांडी उचलण्याची वा गुडघा सरळ करण्याची ताकद अनेकदा घटते. शेजारच्या तंत्रिकांची क्षेत्रे एकमेकांत मिसळतात आणि तंत्रिकेचा मार्गही माणसागणिक बदलतो, हेही खरे. म्हणून केवळ नकाशावर विसंबू नये: कापसाच्या स्पर्शाने बधिर भागाची सीमा आखावी, सोबत ताकद व गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासावी. तिन्ही निष्कर्ष जुळले, तरच निदान भक्कम होते.